एक कोंकणी, पाच लिप्या

‘वावराड्यांचो इश्ट’ नावाचं एक कोंकणी साप्ताहिक १९३३ साली गोव्यात सुरू झालं. वावराडी म्हणजे कष्टकरी, आणि हा त्यांचा मित्र. साप्ताहिक रोमी, म्हणजे रोमन लिपीत छापलं जातं. त्यातला ‘इश्ट’ पहिल्यांदा वाचणारा मराठी माणूस हमखास अडखळतो. आय, एक्स, टी आणि पुन्हा टी! शाळेतल्या इंग्रजीच्या भरवशावर वाचायला जावं तर जीभ वळत नाही. पण ही अक्षरं इंग्रजांकडून आलेलीच नाहीत, ती पोर्तुगीजांची. त्यांच्या वळणाने इथे एक्सचा उच्चार श होतो. लागोपाठ दोन टी आले की ट वाचायचा, एकटा टी आला तर त. शब्दाच्या शेवटच्या एमची गंमत आणखी वेगळी. ‘आमचें’ लिहिताना शेवटी एम येतो, पण वाचताना ओठ मिटायचे नाहीत, स्वर नुसता नाकातून सोडायचा. देवनागरीत जे काम एक टिंब करतं, ते इथे अख्ख्या अक्षराकडे आहे.

कोंकणी आज पाच लिप्यांत लिहिली जाते: देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि अरबी-फारसी. रेडिओवर याची काही अडचण होत नाही. आकाशवाणीच्या कोंकणी बातम्या ऐकताना निवेदकाच्या हातातला कागद कोणत्या लिपीतला आहे, हे श्रोत्याला कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. कागद छापखान्यात गेला की मात्र प्रश्न सुरू होतात.

गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये निघालं. भाषा मराठी, छंद ओवीचा, ओव्या जवळपास अकरा हजार, आणि लिपी रोमी! देवनागरीचे खिळेच हाताशी नव्हते, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. मराठीच्या आरंभीच्या छापील ग्रंथांतला एक मोठा ग्रंथ असा परक्या अक्षरांत उभा राहिला, ही गोष्ट मराठी शाळांमध्ये फारशी सांगितली जात नाही, सांगायला हवी. त्याच स्टीफन्सचं ‘दौत्रिना’ हे ख्रिस्ती शिकवणुकीचं कोंकणी पुस्तक १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, गोव्यातच रायतूरला छापलं गेलं. तेही रोमीतच.

म्हणजे गोव्यातली रोमी छापखान्याच्या सोयीतून आणि चर्चच्या शिकवणुकीतून रुजली. कन्नड आणि मल्याळम लिप्यांची गोष्ट स्थलांतराची आहे. पोर्तुगीज अमलातला धर्मछळ, इन्क्विझिशन, कर आणि दुष्काळ यांना कंटाळून लोक दक्षिणेकडे गेले. हिंदू गेले, ख्रिस्तीही गेले. १७३९ मध्ये मराठे गोव्यातल्या साष्टीत घुसले, तेव्हाच्या धामधुमीचाही त्यात वाटा होता. आपण आपल्या इतिहासात ती मोहीम वेगळ्या अभिमानाने वाचतो, एवढंच. मंगळूरला पोचलेल्यांची मुलं कन्नड शाळेत गेली, कोचीच्या गौड सारस्वतांभोवती मल्याळम होतं, आणि घरातली कोंकणी शाळेतल्या अक्षरांत उतरली. भटकळच्या नवायत मुसलमानांनी आपली बोली उर्दूच्या अक्षरांत बांधली. आता उर्दूच्या वर्णमालेत ळ नाही आणि ण नाही, आणि कोंकणी कुळातली बोली तर या दोघांवाचून चार वाक्यं पुढे जात नाही.

मात्र सगळ्यांनीच जुनी अक्षरं टाकली असं नाही. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं १६७५ चं निवेदन त्या खंडात आहे. भाषा कोंकणी, लिपी नागरी. गोव्याचा छापखाना कोंकणी मजकूर रोमीत काढत होता, आणि त्याच शतकात तिची नागरी अक्षरं पार हॉलंडमध्ये छापून निघाली.

रोमीला खरा वाचक मिळाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही गोव्याबाहेर. रोमीतलं पहिलं कोंकणी नियतकालिक १८८९ मध्ये पुण्यात निघालं. पहिलं तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक, १८९२ मध्ये मुंबईत रंगलं. बोटीवरचे खलाशी, साहेबाच्या घरचे खानसामे, बँडवाले हे सगळे गोंयकार धोबीतलाव आणि माझगावच्या कुडींत राहत. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मुंबईत चालवलेलं सामाईक बिऱ्हाड. गावाकडचं पत्र रोमीत यायचं आणि रोमीतच वाचलं जायचं. याच मुंबईत राहून कोंकणी लेखक शणै गोंयबाब यांनी मात्र कोंकणीसाठी देवनागरीचा आग्रह धरला. ते १९४६ मध्ये वारले.

पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्याची राजभाषा देवनागरीतली कोंकणी ठरवली आणि शासकीय व्यवहारात मराठीच्या वापरालाही मुभा ठेवली. रोमीचं नाव त्या व्याख्येत नाही. देवनागरीच्या बाजूने बोलायला आधार आहे: ळ, ण, ट, त यांच्यासाठी तिच्यात अक्षरं तयार आहेत, जोड्या जमवाव्या लागत नाहीत. पण कोंकणी कान उघडा ए आणि मिटका ए वेगळे ऐकतो, आणि देवनागरीत दोन्हींना मात्रा एकच. शिवाय रोमीत तियात्रं, कादंबऱ्या, वर्तमानपत्रं यांचा शंभर वर्षांहून जुना साठा आहे. तो ‘परका’ म्हणून बाजूला सारणं हा कोतेपणा झाला. रोमीलाही कायद्यात जागा द्यावी, अशी मागणी गोव्यात अजून होते आहे.

मंगळूरकडे ‘राकणो’ हे साप्ताहिक १९३८ पासून कन्नड लिपीतली कोंकणी छापत आलं आहे. तिथली तरुण मंडळी फोनवर एकमेकांना लिहिताना पुष्कळदा रोमन अक्षरंच वापरतात, पण ती शाळेतल्या इंग्रजी वळणाची. गोव्याच्या रोमीत जिथे एक्स येतो, तिथे मंगळूरचा मुलगा एस आणि एच लिहून मोकळा होतो.