जिल्हा एक, हवा अनेक



बुलढाणा घाटमाथ्यावर, मलकापूर, नांदुरा, शेगाव पूर्णेच्या खोऱ्यात. जिल्हा एक, पण हवा एक नव्हे. हिवाळ्यात रात्री जमीन निवते, तिच्यालगतची थंड हवा जड होऊन सखलात साठते. वर उबदार हवेचे झाकण बसते. मग चुलींचा, मोटारींचा, जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर खालीच कोंडतो. नेमक्या त्याच सकाळी आपली मुले शाळेला निघतात. उन्हाळ्यात झाकण उठते, पण वारा धूळ उडवितो. पावसाळा हवा धुऊन काढतो.

अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा भारताने २००९ साली घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ ची आहे. ऋतू आपल्या हाती नाहीत. पऱ्हाटी न जाळता तिची कुट्टी करून जमिनीत मुरविणे मात्र आहे.