मुतखड्याने मला शिकवले
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सोसलंत तेच सांगा," म्हणून उभी राहिले. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी ऐन चैत्रात माझ्या डाव्या कुशीत कळ उठली. पाठीतून निघून जांघेत उतरे. मी तीन बाळंतपणे सोसली आहेत, पण ही कळ त्याहून वाईट. बसवेना, निजवेना. लघवी लालसर झाली. तरी लाजेपायी यजमानांना बोलले नाही. सासूबाईंनी कुळथाचे कढण दिले, शेजारच्या काकूंनी पानफुटीचा रस दिला. कळ थांबली. मला वाटले, खडा गेला.

पंधरा दिवसांनी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा दवाखाना गाठला. सोनोग्राफीत ९ मिलिमीटरचा खडा मूत्रनलिकेत अडकलेला दिसला. वर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, जिवावर बेतले असते." आधी बारीक नळी घालून लघवी मोकळी केली. ताप उतरल्यावर दुर्बिणीने लेझर लावून खडा फोडला. ती आतली नळी पुढे आठवणीने काढून घ्यावी लागते, विसरून चालत नाही.

यातून मी शिकले ते असे. कळ थांबली म्हणजे खडा गेला असे नव्हे. पुन्हा तपासून घ्यावे. ५ मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपोआप पडतात. १० च्या वरचे सहसा पडत नाहीत. कढणाने पोटात पाणी जाते एवढे खरे, पण अडकलेला खडा त्याने निघेल म्हणून वाट पाहू नये. कळेबरोबर ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळात जावे.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यावे. लघवी फिकट दिसली पाहिजे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. लोणचे-पापड कमी, मीठ बेताचे. लिंबू चांगले. पालक रोज नको. दूध-दही मात्र सोडू नये. मी भीतीने सोडले होते, तर डॉक्टर रागावले.

आता खरी गोष्ट सांगते. बाजारात, प्रवासात बायकांना जायला जागा नसते, म्हणून मी घराबाहेर पाण्याचा घोटही घेत नसे. घरी आले की सगळ्यांचे होईपर्यंत स्वतःकडे लक्ष नाही. आपल्यापैकी कितीजणी तेच करतात! माझी मंडळाला विनंती आहे की, बाजारात बायकांसाठी स्वच्छ मुतारी व्हावी म्हणून आपण सगळ्यांनी सह्यांचा अर्ज द्यावा. पहिली सही मी करीन.