भुरीचें कुळ आणि मूळ

गारखेडा आज छत्रपति संभाजीनगर शहरांत मिसळून गेला आहे. तथापि तेथील परसांतून दुधीचा वेल, मिरची, गुलाब आणि एखादें आंब्याचें झाड अद्याप दिसावयाचेंच. यांच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर चढतो, त्या सर्वांस लोक एकच नांव देतात, भुरी. परंतु नांव एक म्हणून रोगहि एकच, असें नव्हे. दुधीची भुरी आंब्याच्या मोहोरास लागेल या धास्तीनें वेल उपटणारा मनुष्य आपलें निष्कारण नुकसान करून घेतो.

भुरी ही बुरशींची एक मोठी ज्ञाति असून तींत ९०० च्या आसपास जाति मोजलेल्या आहेत. जिवंत वनस्पतीवांचून त्या जगत नाहींत. पूर्वीचे शास्त्रज्ञ त्यांच्या सूक्ष्म काळ्या फळांभोवतींच्या तंतूंवरून त्यांचीं कुळें ठरवीत. द्राक्षावरील भुरीस श्वाइनिट्झ यांनीं १८३४ मध्यें ‘एरिसायफी’ गणांत बसविलें. १८९२ मध्यें बरिल यांनीं तिला आंकडेदार तंतूंच्या ‘अन्सिन्युला’ गणांत नेलें. पुढें डीएनएची तुलना झाली, तेव्हां आंकडे हें कुळाचें खरें लक्षण नव्हे असें ठरलें, आणि २००० सालीं ती पुनः पहिल्या घरीं आली.

याच तुलनेनें दुसरें नवल उघडकीस आलें. आंब्यावरील भुरी ही ओक वृक्षावरील भुरीची अगदीं निकटची आप्त निघाली. आंबा आणि ओक यांची जवळची सोयरीक नाहीं. अर्थात् ही बुरशी क्वचित् दूरच्या झाडावर उडी घेऊन तेथें संसार थाटते. मात्र अशी उडी दर हंगामास घडत नाहीं. गुलाब व दुधी यांवरील भुरी सामान्यतः एकाच ‘पोडोस्फीरा’ गणांतील; तरी एकीचें दुसरीच्या घरीं भागत नाहीं.

कुळ ओळखण्याचा उपयोग औषधाच्या वेळीं कळतो. गंधकाची भुकटी पानावर पसरलेल्या भुरीस मारते. मिरचीवरील ‘लेव्हेइल्युला’ पानाच्या आंत शिरते. तेथें ती भुकटी नीट पोंचत नाहीं. द्राक्षाचा केवडा तर या ज्ञातींतलाच नव्हे. तो शेवाळांच्या बाजूचा, म्हणून त्यास गंधक चालत नाहीं. शिवाय कडक उन्हांत गंधकानें पानें करपतात, आणि कांकडीवर्गीय वेलांस तें विशेष बाधतें. यास्तव औषध आणण्यापूर्वीं पान उलटून पाहावें, आणि मगच पैसा खर्चावा.