घरच्या सशाचे मूत्रविकार : पाणी, गवत आणि रोजची नजर

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या यांच्या दुखण्यांविषयी आपण या कार्यक्रमात नेहमी ऐकता. आज एका लहान जनावराबद्दल बोलू या. ते म्हणजे ससा. मुलांच्या हौसेखातर पुष्कळांच्या ओसरीवर आता सशाचा पिंजरा असतो. जनावर लहान, किंमतही बेताची, पण घरातल्या पोरांचा त्याच्यावर जीव असतो.

एका उन्हाळ्यात दुधाचा धंदा करणारे एक शेतकरी मुलीला घेऊन दवाखान्यात आले. टोपलीत पांढरा ससा होता. तीन दिवस तो पाठ वाकवून बसत होता, खात नव्हता. पोट साफ होत नसेल अशा समजुतीनं घरी एरंडेल पाजलं होतं. तपासलं तर लघवीची वाट खड्यानं बंद झालेली. तो ससा वाचला नाही. वडील म्हणाले, "साहेब, गाईच्या वाटणीचा लसूणघास आम्ही याला घालत होतो. खाण्याला काही कमी केलं नव्हतं." मी विचारलं, घरी आणखी ससा आहे का? होता. त्याला दुसऱ्या दिवशी आणायला सांगितलं. त्याच्याविषयी शेवटी सांगतो.

सशाचं शरीर वेगळं आहे

गाय असो की कुत्रा, त्यांच्या आतड्यातून गरजेपुरतंच कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, रक्तात घेतला जातो. जास्तीचा शेणावाटे जातो. सशाचं तसं नाही. खाण्यात जेवढं कॅल्शियम जास्त, तेवढं तो रक्तात जास्त घेतो आणि नको असलेलं लघवीवाटे टाकतो. बहुतेक सस्तन जनावरांत लघवीवाटे १०० पैकी २ भागही कॅल्शियम जात नाही. सशात ४५ ते ६० भाग जातं. म्हणून निरोगी सशाची लघवीसुद्धा थोडी गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरा डाग पडतो. त्याला घाबरू नका.

पण पाणी कमी पडलं, ससा दिवसभर पिंजऱ्यात बसून लठ्ठ झाला आणि वरून लसूणघास व खुराक भरपूर मिळाला, की हा चुना मूत्राशयाच्या तळाशी साचतो. आधी गाळ होतो, मग काही वेळा खडा धरतो. एकट्या लसूणघासाला दोष देऊन चालणार नाही. पण साध्या गवताच्या दोन-तीन पट कॅल्शियम त्यात असतं, हे ध्यानात ठेवा. वाढीच्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला तो चालतो. मोठ्या, बसून खाणाऱ्या सशाचा तो रोजचा चारा नव्हे.

लक्षणं कशी ओळखाल?

ससा दुखणं लपवतो. म्हणून पिंजरा झाडताना खालचा कागद किंवा गोणपाट पाहत जा. लघवी पानाच्या डब्यातल्या ओल्या चुन्यासारखी घट्ट पडत असेल, थेंबथेंब होत असेल, लघवीला बसून ससा कुंथत असेल, मागचे पाय आणि शेपटीखालचे केस सतत ओले राहत असतील, तर ते दुखणं समजा.

लघवी लाल दिसली की लोक घाबरतात. काही पाला, बीट किंवा गाजर खाल्ल्यावरही ती तांबूस होते. ते रंगद्रव्य की रक्त, हे दवाखान्यात साध्या तपासणीत कळतं. मोठ्या वयाच्या मादीत मात्र हे रक्त गर्भाशयातल्या गाठीचंही असू शकतं. तिथं वाट पाहू नका.

घरी काय करावं?

पहिलं औषध पाणी. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिली पाणी लागतं. नळीच्या बाटलीपेक्षा जड, पसरट भांड्यातून ससा जास्त पाणी पितो. भांडं रोज घासा, उन्हाळ्यात दोनदा पाणी बदला. हिरवा पाला धुऊन, ओला तसाच घाला.

दुसरं औषध गवत. स्वच्छ, बुरशी नसलेलं वाळलं गवत चोवीस तास पुढ्यात असावं. जोडीला हरळी, कोथिंबीर, गाजराचा पाला आलटून पालटून द्या. लसूणघास आणि शेवग्याचा पाला कमी करा, धान्य आणि गोळीखुराकही आवरा. पण हा बदल एकदम नको. आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. कॅल्शियम अजिबात बंदही करू नका, दातांना आणि हाडांना ते लागतंच.

तिसरं औषध हालचाल. रोज दोन-तीन तास बंदिस्त अंगणात किंवा खोलीत मोकळं सोडा. कुत्र्या-मांजरांवर लक्ष ठेवा.

चौथी गोष्ट स्वच्छता. भिजलेला भाग कोमट पाण्यानं हलक्या हातानं पुसून पूर्ण कोरडा करा. अख्ख्या सशाला अंघोळ घालू नका. पावसाळ्यात अशा ओल्या जागी माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. म्हणून शेपटीखाली रोज पाहा.

काय करू नये?

पोट दाबून लघवी काढू नका. मूत्राशय फुटू शकतं. माणसाच्या मूतखड्यावर आपण कुळथाचं कढण देतो, ते सशाला देऊ नका. घरातल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. पेनिसिलीन, ॲम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन अशी औषधं तोंडानं दिली, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही दगावतो. दुकानातून आपल्या मनानं औषध आणू नका.

दवाखाना केव्हा गाठावा?

ससा कुंथतो आहे आणि लघवी होत नाही, किंवा दहा-बारा तास त्यानं काही खाल्लेलं नाही, तर त्याच दिवशी, त्याच वेळी निघा. सशाचं खाणं थांबलं की आतडंही थांबतं. चुन्याचा खडा क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसतो. गाळ असेल तर डॉक्टर कातडीखाली सलाईन देऊन, वेदना थांबवून तो धुऊन काढतात. मोठा खडा शस्त्रक्रियेनं काढावा लागतो. तो घरच्या उपायांनी विरघळत नाही.

आता तो दुसरा ससा. त्याच्या मूत्राशयात नुसता गाळ होता. तो धुऊन काढला आणि पुढचं काम त्या मुलीवर सोपवलं. ती रोज पाणी मोजून ठेवते, गवत घालते आणि सकाळी गोणपाट पाहते. वर्ष उलटलं, ससा अंगणात उड्या मारतो आहे. पहिल्यालाही हे मिळालं असतं. फक्त आपल्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे.

लक्षात ठेवा : पाणी भरपूर, गवत चोवीस तास, लसूणघास बेतानं, आणि लघवी अडली की उशीर नाही.