दिवेलागणीचा निवाडा

बंगळूरच्या पूर्वेला व्हाइटफील्ड नावाची वसाहत आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराज वोडेयार यांनी दिलेल्या जमिनीवर, डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करून राहावे म्हणून ती वसवण्यात आली. शेती मागे पडली. टेक पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि २०२३ साली मेट्रोही आली. जुन्या वसाहतीचे वर्तुळ, इनर सर्कल, मात्र अजून आहे. त्या वर्तुळाच्या कडेचा एखादा दिवा संध्याकाळी आपोआप लागावा, अशी योजना करावयाची आहे असे समजा. दिवेलागण झाली, हे दिव्याने ओळखावे कसे?

उजेड पडला की ज्याचा रोध घटतो, असा एक स्वस्त रोधक बाजारात मिळतो. त्याला दुसरा साधा रोधक जोडला, की दोहोंच्या सांध्यावरील विद्युतदाब उजेडाबरोबर चढतो आणि अंधाराबरोबर उतरतो. हा दाब मोजण्याची सोय मायक्रोकंट्रोलरमध्ये बहुधा असतेच. एटीमेगा ३२८ या प्रसिद्ध चिपमधील मापक तो १०२४ पायऱ्यांत मोजतो; पूर्ण अचूकपणे मोजावयाचा तर त्याला निदान ६५ मायक्रोसेकंद लागतात. पण दिव्याला आकडा हवा आहे कुठे? अंधार पडला की नाही, एवढेच त्याला हवे.

त्याच चिपमधील अॅनलॉग कंपॅरेटर नेमके एवढेच काम करतो. तो दोन पारड्यांच्या तराजूसारखा आहे. एका पारड्यात चिपमध्येच सिद्ध होणारा १.१ व्होल्टचा स्थिर दाब, दुसऱ्यात सांध्यावरचा. वजन किती हे तो सांगत नाही. कोणते पारडे जड, इतकेच सांगतो आणि तेही सामान्यतः एका मायक्रोसेकंदाच्या आत. उत्तर पालटले की तो गणकाला हाक घालतो. तोवर गणकाने खुशाल डुलकी घ्यावी, तेवढीच वीज वाचते.

खरी अडचण पुढेच आहे. संधिप्रकाशात दाब १.१ व्होल्टच्या आसपास घुटमळत राहतो. ढग सरकला, मोटारीचा झोत पडला, की निवाडा फिरतो. दिवा लुकलुकतो आणि त्याला जोडणाऱ्या रिलेचे संपर्क हकनाक झिजतात. दिव्याचाच उजेड रोधकावर पडत असेल, तर मग पाहावयासच नको: लागला म्हणून विझतो, विझला म्हणून लागतो!

यावर उपाय म्हणजे एका उंबरठ्याऐवजी दोन उंबरठे. दाब १ व्होल्टखाली गेल्यावर दिवा लागावा आणि १.२ व्होल्ट ओलांडल्यावरच विझावा. मधल्या पट्ट्यात आधीचा निर्णय कायम. यालाच हिस्टेरिसिस म्हणतात. मौज अशी, की ही युक्ती विजेच्या कारखान्यातून आलेली नाही. ऑटो श्मिट या अमेरिकन विद्यार्थ्याला १९३४ साली माकूळ या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना ती सुचली. आज कित्येक चिपांत ती घडवूनच दिलेली असते.

मात्र दिव्याच्या स्वतःच्या उजेडाने सांध्यावरचा दाब या पट्ट्याहून अधिक चढत असेल, तर दोन उंबरठेही पुरत नाहीत. तेथे पट्टा रुंद करावा, नाहीतर रोधकाला दिव्यापासून पत्र्याचा आडोसा करावा.