चीनमध्ये पाहिलेले माग

(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



2019 सालच्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही चीन देशी बारा दिवसांचा प्रवास करून आलो. त्या प्रवासासंबंधी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आम्ही आपणापुढे उभे आहोत. तेथील प्रचंड भिंत व बादशाही राजवाडा यांची वर्णने आपणांपैकी अनेकांनी वाचली असतील; ती आम्ही सोडून देतो. आपण कोष्ट्यांची लेकरे. परमुलखात गेलो तरी आपली दृष्टी इमारतीच्या शिखराकडे न जाता माणसाच्या अंगावरील वस्त्राकडे प्रथम वळते.

चिनी रेशमाशी आपला संबंध फार जुना आहे. कालिदासाच्या शाकुंतलात 'चीनांशुक' हा शब्द आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात चिनी कच्चे रेशीम उतरत असे, आणि आजही आपला देश बाहेरून जे कच्चे रेशीम आणतो ते मुख्यतः चीनचेच.

बीजिंग शहरात आम्ही पहाटे एका मोठ्या उद्यानात गेलो. वृद्ध स्त्रीपुरुष संथपणे हातपाय हलवीत व्यायाम करीत होते. एक गृहस्थ काठीएवढा कुंचला पाण्यात बुडवून फरसबंदीवर सुंदर अक्षरे काढीत होते; शेवटची ओळ पुरी होईतो पहिली वाळून नाहीशी होई. आयुष्यभर फळ्यावर लिहून पुसणाऱ्या आम्हास त्यांचे विशेष कौतुक वाटले. जो तो गरम पाण्याची नाहीतर चहाची बाटली बाळगतो. त्या चहात दूधसाखर नसते, पाने मात्र तरंगत असतात. भाजीवालीसुद्धा पैसे फोनवर घेते. आम्ही नोट पुढे केली तेव्हा मोडीसाठी तिला शेजारणीकडे धावावे लागले. शाकाहारी माणसाची जेवणाची अडचण होते, ती आमचीही झाली, असो.

त्याच उद्यानात आम्ही भारतीय आहोत हे कळताच एका वृद्धाने "के दीहुआ" असे मोठ्याने म्हटले. दुभाष्याने उलगडा केला की हे आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चिनी नाव. सोलापूरचे हे डॉक्टर 1938 साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून गेले व 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच निवर्तले, हे सर्वश्रुत आहे. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे मात्र खुद्द नागपुरातच फार थोड्यांस ठाऊक असावे.

पुढे सुझौ येथे रेशमाचा कारखाना पाहिला. ऊन पाण्यात कोश तरंगत असतात आणि कारागीर स्त्री अनेक कोशांचे तंतू एकत्र करून एक धागा ओढते. एका कोशाचा तंतू हजार मीटरांहूनही लांब भरतो. ज्या कोशात दोन किडे एकत्र गुरफटलेले असतात त्याचा तंतू सरळ उलगडत नाही. असे कोश फेकून न देता ते ताणून दुलईत भरतात. चार बायका चार कोपरे धरून ते जाळे पसरताना पाहिल्या, आणि काटकसर ही काय चीज आहे ते समजले. तुतीचा हा किडा अगदी घरकोंबडा. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा ऐन-अर्जुनाच्या झाडांवर, उन्हावाऱ्यात वाढतो. त्याचा रंग व पोत चिनी रेशमाला नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

परंतु आम्ही खरे थबकलो ते नानजिंग येथे. तेथील किनखाबास 'युनजिन' म्हणजे मेघवस्त्र म्हणतात. 2009 साली युनेस्कोने या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. माग चार मीटर उंच. एक कारागीर वर बसून नक्षीप्रमाणे ताण्याचे दोरे उचलतो, दुसरा खाली बसून रंगीत रेशीम व सोन्याची जर भरतो. दिवसभर खपून दोघे मिळून जेमतेम 5 ते 6 सेंटिमीटर कापड विणतात. कामाचा क्रम ध्यानात राहावा म्हणून पूर्वापार गाणी म्हणण्याची चाल आहे.

वर बसलेला तरुण पंचविशीचा असेल. तुझ्या घरी हा धंदा किती पिढ्यांचा, असे आम्ही दुभाष्याकरवी विचारले. तो हसला. त्याचे वडील बस चालवीत. घराण्यात कोणी धोटा हाती धरला नव्हता. जाहिरात वाचून तो आला, शिकला, आणि आता मासिक वेतनावर काम करतो. त्याने उलट विचारले, "आपल्या घरी?" आमच्या आजोबांपर्यंत, असे आम्ही सांगितले.

बंधुभगिनींनो, या उत्तराने आम्हास पुष्कळ रात्री जागविले आहे. तेथील सारेच उत्तम असे आमचे म्हणणे नाही. बाजारातील बहुतेक माल यंत्राचा असतो, आणि प्रवाशांना दुकानांत कोंडून महाग रेशीम गळ्यात मारण्याची कलाही ते जाणतात. तो मोठा मागही संस्थेच्या आश्रयानेच उभा आहे. पण आपण विद्या जन्माशी बांधली. कोष्ट्याच्या मुलानेच विणावे, असे ठरले. मग मुले शिकली, नोकऱ्यांत गेली, आणि त्यात गैर काही नाही. आम्हीही शाळेतच गेलो. मात्र रिकाम्या मागावर बसण्यास दुसऱ्या कोणास आपण कधी बोलाविले नाही. तीन धोट्यांनी करवतकाठ विणणारे हात आज विदर्भात किती उरले आहेत, ते आपण जाणताच.

म्हणून आमची कार्यकारी मंडळास एवढीच सूचना आहे. ज्या वडीलधाऱ्यांना हे काम अद्यापि येते त्यांपैकी दोघांना दिवसाच्या मजुरीइतके मानधन देऊन सभागृहात विणकामाचा वर्ग काढावा, आणि प्रवेश देताना जात विचारू नये. पहिल्या वर्षाच्या सुतासाठी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून दरमहा 1000 रुपये देऊ. सभागृहामागील खोलीत एक खड्डामाग सहज मावतो. आम्ही पावलांनी मोजून पाहिले आहे.