सेविका, ताई आणि पार्टनर



‘बदलते शब्द, बदलता समाज’ हा विषय मला मिळाला तेव्हाच वाटलं होतं की निम्मी मंडळी एक तक्रार घेऊन येणार. नातवंडं ‘मी तुला सांगितलं’ म्हणायचं सोडून ‘मी तुला बोलली’ म्हणतात, त्याचं काय करायचं? (हशा) पहिल्या रांगेतले एक काका तर इंग्रजी शब्दांची यादीच घेऊन बसलेत. काका, यादी जपून ठेवा, प्रश्नोत्तरांत काढू. (हशा)

परके शब्द येणं आणि त्यांना हाकलायची खटपट, दोन्ही गोष्टी मराठीत जुन्याच. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश, सावरकर, माधव ज्यूलियन, 1962चा पदनाम कोश आणि त्यावर उठलेली राळ, हे तुम्हाला मी सांगायला नको. या सगळ्या वादात आपण एकच विचारत आलो, शब्द आला कुठून. तो कुणाला लावला आणि लावल्यावर त्या माणसाच्या हातात महिन्याला किती पैसे पडले, हे फारसं कुणी विचारलं नाही. मला समाज ओळखायचा असेल तर मी तो कष्टाला कोणतं नाव देतो ते आधी बघते. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

‘माथाडी’ घ्या. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात हा शब्द हाक मारण्यापुरता होता. अण्णासाहेब पाटलांनी त्या लोकांची संघटना बांधली, आणि 1969 साली महाराष्ट्रात कायदा झाला तेव्हा त्याच्या नावातच ‘माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार’ आलं. कायद्याच्या इंग्रजी नावातही माथाडी आणि हमाल हे शब्द तसेच राहिले. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांना आपण काय काय म्हणायचो ते इथे उच्चारत नाही. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि ‘कचरावेचक’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. कुठल्या समितीने तो रुळवला नाही. ज्यांना तो लागू होता त्यांनी ओळखपत्रं मागून, मोर्चे काढून रुळवला.

आता अंगणवाडी. याला मी दोनच मिनिटं ठेवली होती, पण इथे थोडी थांबणार आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून ताराबाई मोडक 1945 साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघही तेव्हाच आल्या. बालवाडी काढली, तर वस्तीतली मुलं तिथवर येईनात. येणार कशी? आईबाप पहाटेच कामाला जायचे, थोरल्याच्या कडेवर धाकटं असायचं. मग या बायकांनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. मुलांना तिथेच आंघोळ घालायची, नखं कापायची आणि तिथेच गाणी म्हणायची. अंगणात भरते ती अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटलं. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. शब्द घडवायला त्या बसल्याच नव्हत्या. काम जिथे न्यावं लागलं तिथलं नाव त्याला मिळालं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, आणि डहाणूच्या बाजूला रुजलेला हा शब्द तिच्याबरोबर देशभर गेला. आज संसदेतही तो अनुवादाशिवाय वापरतात. (टाळ्या)

टाळ्या वाजवल्यात, बरं वाटलं. पण त्या अंगणवाडीत रोज जी बाई उभी असते तिला आपण काय म्हणतो? ‘सेविका’. तिला जे पैसे मिळतात ते ‘मानधन’. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला पाकिटात देतात ते मानधन. जी बाई वजनं घेते, आहार शिजवते किंवा वाटते, नोंदी ठेवते, गरोदर बायकांच्या घरी जाते, तिला वर्षानुवर्षं दर महिन्याला द्यायचं तेही मानधनच? जुन्या ‘मोलकरीण’ या शब्दाला आपण नाकं मुरडतो, आणि 2008च्या कायद्यात ‘घरेलू कामगार’ आलं याचा मला आनंदच आहे. तरी मोलकरणीत निदान ‘मोल’ होतं. सेविकेत तेही उरलं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, सेवा या शब्दात वाईट काय? काहीही वाईट नाही. माझी आई आयुष्यभर आजारी माणसांची सेवा करत आली, तो शब्द मला तिच्याइतकाच जवळचा आहे. पण कष्ट पूर्ण घ्यायचे आणि हिशेबाच्या वेळी सेवा म्हणायचं, याला माझा विरोध आहे आणि तो मी सौम्य करणार नाही. हा शब्दच्छल नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयात गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांचा खटला चालला, ग्रॅच्युइटीचा. त्यांना मिळतं ते मानधन आहे, वेतन नाही, हा तिथे वादाचा मुद्दा होता. ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच आहे, असं न्यायालयाने ठरवलं. म्हातारपणचा पैसा एका शब्दावर अडला होता!

मराठीच्या भवितव्याची काळजी असलेल्यांना आणखी एक सांगते. 2021 साली महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने झाले होते, बंद पडत होते. आणि ज्या पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरायची ते धड मराठीत नव्हतं. मराठी ॲपसाठी आंदोलन या बायकांनी केलं, आपण इथे बसून ठराव केले. तीच गोष्ट ‘आशा’ची. 2005च्या योजनेतल्या पदनामाच्या चार इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द. गावाने त्याला ‘ताई’ जोडून आशाताई केलं, इतकं की मूळ नाव कुणाला सांगता येत नाही. कागदावर मात्र ती ‘स्वयंसेविका’ राहिली.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. आरोग्य खात्यातल्या शब्दांवर बोलायचं होतं, ते सोडते.

पार्टनर मात्र सोडणार नाही. संध्याकाळी तुमच्या दाराशी जेवण घेऊन येणाऱ्या मुलाला कंपनी ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हणते. नफ्यात वाटा नाही, दर ठरवताना विचारणं नाही, पेट्रोल त्याचं, गाडी त्याची. एका रात्री तक्रार आली की त्याची ‘आयडी ब्लॉक’ होते. त्या मुलांच्या तोंडी हाच शब्द आहे, ‘काढून टाकलं’ नाही. नोकरीच नव्हती तर काढणार कुठून! 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग वर्कर’ची व्याख्या आली, तीसुद्धा मालक-नोकर या रूढ नात्याबाहेर काम करणारा अशी. काका, तुमच्या यादीत पार्टनर असेल तर तो इंग्रजी आहे म्हणून खोडू नका. तो खोटा आहे म्हणून खोडा. (टाळ्या) त्या मुलांची संघटना उभी राहील तेव्हा त्यांचा शब्द तीच ठरवतील. तो मराठी असेल की इंग्रजी, त्याची मला काळजी नाही.

घंटा झाली. मागे अंगणवाडीच्या काही ताई उभ्या आहेत. पुढच्या खुर्च्या त्यांना द्या आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.